नाचणेकाकांची पोच

साक्षीदार म्हणून मी आयुष्यात पहिली सही केली ती मित्राच्या रजिस्टर लग्नात, दुसरी सासऱ्यांच्या मृत्युपत्रावर आणि तिसरी एका शेकाट्यासाठी. मित्राची बायको मी पाहिलेली होती, सासऱ्यांना तर बरीच वर्षं पाहत होतो. शेकाट्या मात्र मी जन्मात पाहिला नव्हता. तरीही 'वरील पक्षी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे' या वाक्याखाली, सकाळी पावणेसहाला, लेंगा-बनियनवर, स्वतःच्या दारात उभ्या उभ्या मी सही ठोकली. समोर नाचणेकाका उभे होते, आणि सही घेतल्याशिवाय ते हलत नाहीत हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतरच्या सह्या मी मोजायचं सोडून दिलं.

अनंत गोविंद नाचणे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. चौतीस वर्षं पोस्टाच्या सॉर्टिंगमध्ये काढलेला माणूस. लांबट टेबलाशी उभं राहून समोरच्या कप्प्यांत पत्रं फेकायची, हे काम इतकी वर्षं केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कप्प्यात गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रिटायर झाल्यावर गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून ते मीरा रोडला शांती नगरात आले, तसे आम्हीही परळहून आलो होतो. इथे मोठा हॉल, दोन बाथरूम, लिफ्ट (चालू असली तर) आणि खिडकीतून समोरच्या विंगची खिडकी, असं सगळं व्यवस्थित होतं. मी त्यात खूश होतो. नाचणेकाकांनी आल्या वर्षी एक दुर्बीण आणली आणि ते पाखरं बघायला लागले.

त्यांचा अवतार एकदा बघितला की विसरत नाही. चैत्राच्या उकाड्यातही कानटोपी. खांद्याला खाकी कॅनव्हासची टपालाची पिशवी, खात्यातल्या लोकांनी निरोपाच्या वेळी प्रेमाने दिलेली. पिशवीत दुर्बीण, पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि एक जाड कापडी बांधणीचं रजिस्टर. रजिस्टरला सुतळीने पेन बांधलेलं. "काका, पेनाला दोरी कशाला? मी काय घरी नेणार आहे?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चौतीस वर्षांत एकानेही नेतो म्हणून नेलं नाही, पाटणकर. सगळे विसरूनच नेतात."

रजिस्टरमध्ये रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, पाहणारा, साक्षीदार आणि सगळ्यात शेवटी शेरा. सही करताना शेऱ्याच्या रकान्यावर ते पंजा ठेवत. मी डोकावायला गेलो तर म्हणाले, "शेरा खात्याचा असतो, पब्लिकचा नसतो."

पाखरांची विभागणीही पोस्टाच्या नियमांनी. कावळा, चिमणी, मैना ही लोकल डिलिव्हरी. बगळे, खंड्या, टिटवी म्हणजे साधं टपाल. थंडीत बाहेरदेशाहून येऊन मिठागरांत उतरणारे शेकाटे, चिखले, तुताऱ्या हे बाहेरगावचं टपाल. आणि कधी काळी चुकून दिसणारा, पुस्तकात शेवटच्या पानांवर असलेला पक्षी म्हणजे रजिस्टर टपाल. साध्या टपालाला साक्षीदाराची नुसती सही चाले. रजिस्टर टपालाला मात्र ओळख पटवावी लागे.

"काय दिसलं सांगा."

"मोठा पक्षी होता, काका."

"पत्ता अपुरा! नुसतं 'मोठे साहेब, मुंबई' लिहिलं तर पत्र पोचेल का? चोच सांगा. पाय सांगा. शेपटी सांगा. उडताना पंखावर पांढरं दिसलं का ते सांगा."

बोलणं संपलं की ते तर्जनी उगारून म्हणत, "पोच द्या!" म्हणजे मी सांगितलेलं तुम्हाला कळलं हे तुमच्या तोंडून ऐकू दे. भाजीवालीलासुद्धा ते "उद्या कोवळी भेंडी ठेवा, पोच द्या," असं सांगत, आणि ती बिचारी "हो, दिली" म्हणे.

बहुतेक लोक पाखरं बघतात ती थंडीत, फ्लेमिंगो वगैरे येतात तेव्हा. बायकामुलांना घेऊन जातात, भेळ खातात, परत येतात. काकांचा हंगाम त्यानंतरचा, मार्च-एप्रिलचा, पाखरांच्या परतीचा. "येताना सगळी प्रवासाच्या मळक्या कपड्यांत येतात हो," ते सांगत. "जाताना बघा. तीच तुतारी, डिसेंबरात धुळीसारखी असते. एप्रिलमध्ये छाती अशी विटेसारखी तांबडी होते, की लग्नाला निघालीये म्हणावं." त्या दिवसांत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात कागद लागे: 'खालील मंडळी येत्या पंधरवड्यात उत्तरेकडे निघत आहेत. ज्यांना भेट घ्यायची असेल त्यांनी सकाळी सहा वाजता नाचणे यांच्याशी संपर्क साधावा.' खाली दहा-बारा नावं. एकदा त्या कागदाखाली टाकी धुण्याची सूचना झाकली गेली आणि अख्खी बी विंग साबण लावून बसली. त्यानंतर सेक्रेटरींनी बोर्डावर पक्ष्यांसाठी वेगळा कोपरा आखून दिला.

संपर्क अर्थातच कोणी साधत नसे. मग काकाच साधत. आदल्या संध्याकाळच्या फेरीत जे दिसलं असेल ते लिहून, पहाटे एकेक बेल वाजवत रजिस्टर पुढे करत. वरच्या मजल्यावरचे मेहताभाई सगळ्यात सोयीचे साक्षीदार. त्यांचं कापडाचं दुकान, स्वभाव सढळ, गच्चीत कबुतरांना रोज ज्वारी टाकणार. "नाचणेजी, हम तो पंछी को खिलाते हैं, देखने का टाइम किधर है?" असं म्हणत ते गुजरातीत झोकदार सही करत. कबुतर हा काकांच्या मते पक्षीच नव्हे, परत आलेलं टपाल. पण मेहताभाईंपुढे ते हे बोलत नसत, कारण तिथे चहा मिळे.

मी दोन प्रकारे सुटका करून घ्यायला शिकलो होतो. एक म्हणजे लगेच सही करायची. आणि दुसरं म्हणजे सही करता करता तोंडदेखलं "या ना काका, बसा," म्हणायचं, म्हणजे समोरचा माणूस संकोचून जातो. यातला दुसरा उपाय फसला. ते बसत. आत येऊन, पिशवी मांडीवर घेऊन, नीट बसत. शेकाट्याचे पाय किती लांब इथपासून सुरुवात होई आणि गिरगावच्या चाळीत गॅलरीच्या कठड्यावर कोणाची कुठली उशी वाळत असे इथपर्यंत गाडी जाई. माझी बायको आतून भांडी आपटी. मी घड्याळाकडे बघे. साडेसहाला ते उठत आणि दारात वळून म्हणत, "बरं वाटलं. पोच द्या."

आता त्यांच्या एका जुन्या जखमेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढचं तिथूनच घडलं.

ठाण्याच्या बाजूला पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर वर्षी पाखरं परतली की ते चार पानी पत्रक काढतात. त्या वसंतात किनाऱ्यावर कुठे कुठे काय दुर्मीळ दिसलं त्याची गाववार यादी. अलिबाग, उरण, ठाण्याची खाडी, गोराई, वसई. प्रत्येकाच्या नावाखाली दोन-चार ओळी. काका ते पत्रक माझ्यापुढे धरून बोट फिरवत. "हे बघा, गोराई. इथून एकदम उडी वसईला. मधे आपण राहतो की नाही? मधे पाणी नाही, मिठागरं नाहीत, तिवरं नाहीत? का पाखरं आपल्या डोक्यावरून डोळे मिटून जातात?" मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना काशीमीऱ्याचे ट्रक आणि बिल्डिंगा एवढंच आठवतं, हे त्यांना फार लागे. त्यांनी गिरगाव सोडून इथला पत्ता घेतला होता, आणि हा पत्ता त्या यादीत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये उत्तनच्या खडकांवर त्यांना एकट्याला कालवफोड्या दिसला होता. कालवं फोडून खाणारा, काळा-पांढरा, लांब लाल चोचीचा पक्षी. आमच्या बाजूला तो कधी कोणी नोंदलेला नव्हता. काकांनी त्या दिवशी आंतर्देशीय पत्रावर, चारही बाजू भरून, मंडळाला कळवलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं. 'आपल्या पत्राबद्दल आभार. दुर्मीळ पक्ष्याची नोंद फोटो किंवा दुसऱ्या साक्षीदाराशिवाय घेता येत नाही. शिवाय या भागात हा पक्षी येत असल्याची पूर्वीची नोंद नाही.'

"नोंद नाही म्हणून तो आलाच नाही!" हे सांगताना तीन वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढे. "याआधी तुम्हाला पत्र आलं नव्हतं म्हणून हे तुमचं नाही, असं आम्ही म्हटलं असतं तर?"

तेव्हापासून ते साक्षीदाराशिवाय चिमणीसुद्धा लिहीत नसत. पुन्हा तो पक्षी यावा आणि त्या वेळी शेजारी दुसरे दोन डोळे असावेत, एवढी एकच इच्छा घेऊन ते दर एप्रिलमध्ये उत्तनला जात. दुर्दैवाने उत्तनपर्यंत कोणी जोडीला येत नसे. रिक्षा, मग भाईंदरहून बस, डोंगरीवरून उत्तन, पुढे चालत, आणि तेही अंधारात निघून, एका पाखरासाठी. मेहताभाई म्हणाले, "साइन मैं यहीं कर देता हूँ ना." पण हे रजिस्टर टपाल होतं, आणि त्याला घरबसल्या सही चालणार नव्हती.

त्या वर्षी मी सापडलो. सरकारी नोकरीत दुसरा शनिवार सुट्टीचा, हे मी स्वतःच त्यांना कधीतरी सांगून बसलो होतो. गुरुवारी संध्याकाळी ते लिफ्टपाशी भेटले. "परवा दुसरा शनिवार. आज पौर्णिमा, म्हणजे परवा सकाळी सातच्या आसपास मोठी ओहोटी. खडक पार उघडे पडतील. आठवड्याभरात तो निघून जाईल, पाटणकर." एरवी हुकूम सोडणारा हा माणूस आज पहिल्यांदाच विनंती करत होता. मी हो म्हणालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही उत्तनला उतरलो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या दांड्या, चर्चचा पांढरा मनोरा, आणि पलीकडे मागे सरकत गेलेला समुद्र. माझ्या पायात ऑफिसचे बूट. काकांनी रबरी चपला घातल्या होत्या आणि त्यांनी माझ्या बुटांकडे बघून काही न बोलण्याचा चांगुलपणा दाखवला. आम्ही शेवाळलेल्या खडकांच्या कडेला जाऊन बसलो. अर्धा तास गेला. चिवडा खाल्ला. मला झोप येत होती.

अचानक काकांनी माझं मनगट पकडलं. "तो," ते कुजबुजले. "तो, तो, तो. त्या उभ्या खडकाच्या डावीकडे. घ्या, घ्या, बघा!" त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांत जवळजवळ खुपसलीच. मला त्यात आधी माझी स्वतःची पापणी दिसली. मग चाक फिरवल्यावर भुरकट समुद्र, मग एक डबा, मग आकाश. "दिसला?" मी दुर्बीण डावीकडे नेली, उजवीकडे नेली. "गेला खडकामागे," काका म्हणाले. "पण बघितलात ना? पाटणकर, बघितलात ना?"

त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की 'नाही' माझ्या तोंडातून बाहेरच पडेना. शिवाय तीसेक खोट्या सह्यांचा सराव होताच. "हो तर!" मी म्हणालो. "छान दिसला. लाल चोच."

"पाय?"

मी विचार केला. लाल चोच, म्हणजे पाय... "पिवळे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून निम्मं बाहेर काढलेलं रजिस्टर त्यांनी पुन्हा आत सरकवलं. "नाही, पाटणकर," ते शांतपणे म्हणाले. "ही पोच मला घेता येणार नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मोबाइलने मी त्या खडकाचा एक फोटो काढून पाहिला. त्यात एक मोठा डाग आणि पुष्कळ लहान डाग आले. पाणी हळूहळू वर चढायला लागलं होतं. मला माझी मनापासून लाज वाटली.

"काय हरवलाय का?"

मागे एक बाई उभी होती. पन्नाशीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला फडकं, एका हातात कालवं फोडायचा लोखंडी आकडा आणि दुसऱ्या हातात डबा. फिलोमिनाबाई. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता आणि घरी माणसं जेवायला यायची होती, म्हणून ओहोटी साधून त्या कालवं काढायला आल्या होत्या. काकांनी हरल्या आवाजात सांगितलं, एक पाखरू बघत होतो, गेलं.

"कुठला? काला-पांढरा, लाल चोचीचा?"

काका उभे राहिले. "तुम्ही कोणाकडून ऐकलंत?"

"ऐकायचा काय त्यात? दर साल येतं. आमचीच कालवा खातं, आन चोच घालून असा फोडतं का आमाला आकड्यान जमाचा न्हाय. ईस्टर झाला का न्हाय दिसत मंग."

"पाय?" काकांनी विचारलं. "पायांचा रंग सांगा."

"गुलाबी हाय ना. पोरीच्या चपलेवानी."

काका माझ्याकडे वळले. "पूर्ण पत्ता," ते म्हणाले. "पिनकोडसकट."

तीन वर्षं ज्या साक्षीदारासाठी हा माणूस शांती नगरातल्या बेला वाजवत होता, ती साक्षीदार इथे दर ओहोटीला त्या पाखराच्या शेजारी बसून कालवं काढत होती आणि त्याच्यावर चिडत होती.

"तो त्या पल्याडच्या खडकावं जातो आता," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "दोन हायत. चला दाखवतो. पाय माझ्या पायावं ठेवा."

आम्ही निघालो. पुढे त्या, मागे काका, त्यांच्या मागे मी, दर चार पावलांनी एखाद्या डबक्यात. बुटांची आशा मी सोडून दिली. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्यांनी आम्हाला खाली बसवलं आणि आकड्याने समोर दाखवलं. या वेळी दुर्बिणीची गरजच नव्हती. पंधरा-वीस पावलांवर दोन पक्षी होते. काळं डोकं, पांढरं पोट, गाजरासारखी लांब चोच. एकाने कालवाच्या फटीत चोच घातली, मान किंचित वळवली, आणि ते उघडलं. इतकं सहज, की मला माझ्या आईची आठवण झाली, ती मटार सोलायची तशी. पाय गुलाबी होते. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी एखाद्या पाखराकडे एवढा वेळ कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला खरोखर फार आनंद झाला. मग पाण्याची एक लाट आली, ते दोघे शिट्टी वाजवल्यासारखं ओरडून उडाले आणि पंखांवरचा पांढरा पट्टा लांबपर्यंत दिसत राहिला.

कानटोपी काढून काकांनी डोळे पुसले.

सहीची वेळ आली तेव्हा फिलोमिनाबाई जरा बिचकल्या. "सही कशाला? पोलीसचा लफडा न्हाय ना?" त्यांना समजावल्यावर त्यांनी हात लुगड्याला पुसून, दोरी बांधलेल्या पेनाने, मोठ्या गोल अक्षरांत नाव लिहिलं. खाली मी सही केली. ओल्या बोटांचा ठसा त्या पानावर उमटला तो अजून आहे. मग डबा कमरेवर घेत त्या म्हणाल्या, "उद्या ईस्टर हाय. जेवाला या घरी. बाईला पन आना."

"कशासाठी?" काकांनी विचारलं.

"कशासाठी म्हंजे? या."

काका गोंधळून पेनाची सुतळी रजिस्टरभोवती गुंडाळू लागले. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "येतां ना?" आणि काका घाईघाईने म्हणाले, "येतो, येतो. पोच दिली."

मेच्या शेवटी पत्रक आलं. गोराई आणि वसईच्या मधे नवं नाव होतं, 'भाईंदर-उत्तन'. खाली एकच ओळ: 'कालवफोड्या, दोन. निरीक्षक अ. गो. नाचणे. साक्षीदार फिलोमिनाबाई, उत्तन आणि श्री. पाटणकर, मीरा रोड.' सेक्रेटरींनी ते पक्ष्यांच्या कोपऱ्यात लावलं. मेहताभाईंनी सगळ्या विंगमध्ये पेढे वाटले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हमारे नाचणेजी" असं सांगत सुटले. मीही ऑफिसात पत्रकाची झेरॉक्स दाखवून आलो.

आणि त्यानंतर बेल वाजायची थांबली.

पहिले दोन-तीन दिवस मी निवांत झोपलो. चौथ्या दिवशी पावणेसहाला आपोआप जाग आली. पाचव्या दिवशीही आली. बायको म्हणाली, "काका बरे आहेत ना हो?" मेहताभाई लिफ्टमध्ये भेटले. "क्या हुआ, पंछी खतम हो गया क्या?" आठवडा गेला तेव्हा मी संध्याकाळी समोरचं दार वाजवलं. काका दूध आणायला खाली गेले होते. काकूंनी मला बसवलं.

काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या फारशा बाहेर दिसत नाहीत. पण बाई मोठ्या हसऱ्या आणि शांत. मी विचारलं, "काका एवढे गप्प का झाले? त्यांना हवं होतं ते तर झालं."

"झालं ना, तेच तर," काकू म्हणाल्या. त्यांनी कोनाड्यातलं रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. "शेवटचा रकाना वाचा. ते यायच्या आत वाचा."

मी वाचलं.

'शेकाटे, अकरा. साक्षीदार पाटणकर.' आणि शेरा: 'पक्षी पाहिला नाही. डोळ्यांत झोप. तरी बसा म्हणाले. पाऊण तास.'

'तुतारी. साक्षीदार मेहता. पक्ष्याकडे बघितलं नाही. चहा दिला. वडिलांच्या आजारपणाचं बोलले. वीस मिनिटं.'

'चिखल्या. तळमजल्याच्या वहिनी. दार उघडलं नाही, आतून हो म्हणाल्या. तब्येत बरी नसावी. उद्या पुन्हा.'

पानंच्या पानं. शेऱ्याच्या रकान्यात पाखरू कसं दिसलं याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ज्यांना जिन्यात नुसतं मान हलवतो ती सगळी माणसं तिथे होती, त्यांच्या घरच्या दुखण्याखुपण्यासकट. कालवफोड्याच्या पानावर, ज्याच्यासाठी त्यांनी तीन वर्षं घालवली त्याच्यापुढे, एवढंच होतं: 'फिलोमिनाबाई. घरी बोलावलं.'

"चाळीत कुणाच्या घरी जायला कारण लागत नव्हतं," काकू म्हणाल्या. "इथे आलो तेव्हा सुरुवातीला हे जाऊन बेल वाजवायचे. लोक दार अर्धं उघडून विचारायचे, काय काम होतं? यांना काही सांगता यायचं नाही. परत यायचे. माझ्याशी तरी किती बोलणार, माझी पोच चाळीस वर्षांपूर्वीच मिळालीये. मग एक दिवस दुर्बीण घेऊन आले." त्या हसल्या. "आणि गंमत बघा. त्या उत्तनच्या बाईंनी नुसतं या म्हटलं, तर यांनीच विचारलं, कशासाठी!"

"मग आता?"

"आता ती सही झाली. मोठं काम संपलं. पाखरंही गेली. परवा म्हणत होते, आता कुणाकडे काय सांगून जाऊ?"

लिफ्टचा दरवाजा वाजला. मी रजिस्टर कोनाड्यात ठेवून दिलं आणि काका आल्यावर हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलून घरी आलो. रात्रभर मला 'तरी बसा म्हणाले' हे तीन शब्द आठवत होते. ते मी त्यांना घालवायला म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी समोरची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. बनियन, लेंगा, डोळ्यांत झोप.

"काय झालं?" ते दचकून म्हणाले. "काही दिसलं का?"

"नाही काका. बायको झोपलीये. मला जाग आली."

काय काम होतं असं त्यांनी विचारलं नाही. दार पूर्ण उघडून ते बाजूला झाले. आम्ही त्यांच्या खिडकीशी बसलो. काकूंनी चहा केला. समोरच्या विंगच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसला, आणि आम्ही दोघांनी तो अगदी नीट, चोचीपासून शेपटीपर्यंत पाहिला.

थोड्या वेळाने काका उठले, रजिस्टर आणलं, तारीख आणि वेळ टाकून 'कावळा, एक' असं लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली. घरबसल्या केलेली माझी ही पहिली खरी सही. मग ते शेरा लिहायला वाकले. रकान्यावर हात ठेवायला ते विसरले, की त्यांनी ठेवलाच नाही, कोण जाणे. त्यांच्या सुवाच्य अक्षरात मला तो सरळ वाचता आला.

'पाटणकर. स्वतःहून आले.'